एकट्याने नॅरोबोट: नकाशाआधी पाण्याचा हिशेब

कालव्यावर आपलं जगणं किती अवलंबून आहे, हे मनमाडकरांना वेगळं सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की पाटोद्याचा साठवण तलाव भरत आला आहे. तिथून पाणी वागदर्डी धरणात चढवलं जायचं आणि मग ते शहराच्या नळांना यायचं. इंग्लंडच्या कालव्यांवर लांबट, अरुंद नॅरोबोटीत एकट्याने फिरणाऱ्यांचे व्हिडिओ आता आपल्याकडेही आवडीने पाहिले जातात आणि 'आपणही एकदा जाऊ' असं कुणाच्याही मनात येतं. ही इच्छा चांगली आहे, पूर्ण होण्यासारखीही आहे. मात्र तिच्याभोवतीचे काही गैरसमज आधी दूर व्हायला हवेत.

गैरसमज १: कालवा इथून तिथून सारखाच. सराव पालखेडच्या कालव्यातही करता येईल.

वस्तुस्थिती: हा सर्वांत धोकादायक गैरसमज. आपला कालवा वाहण्यासाठीच बांधलेला असतो. पाणी पंपाशिवाय शेवटच्या चारीपर्यंत पोहोचावं म्हणून त्याला सतत उतार दिलेला असतो. वाटेत दारं, धबधब्यासारखे उतार आणि रस्त्याखालून किंवा ओढ्याखालून जाणारे सायफन असतात. आवर्तनाच्या वेळी प्रवाहाला ओढ असते आणि अस्तरीकरण केलेल्या तिरप्या काठावर पाय ठरत नाही. पट्टीचे पोहणारेही इथे बुडाले आहेत.

शिवाय हे पाणी मोजून सोडलेलं असतं. पिण्याचं आवर्तन टेलपर्यंत पोहोचावं म्हणून काठावरचे डोंगळे, म्हणजे पाणी ओढून घेणारे पाइप, काढले जातात, पंपांची वीज तोडली जाते, गस्त घातली जाते. अशा पाण्यात होडी घालणं म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणं आणि गावाच्या पिण्याच्या पाण्यात अडथळा आणणं.

इंग्लंडमधला नौकानयनाचा कालवा जवळजवळ स्थिर असतो. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे पाण्याचे सपाट टप्पे एकाखाली एक असतात आणि दोन टप्प्यांच्या मध्ये 'लॉक' म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद असतो. हौद भरला की बोट वर चढते, रिकामा केला की खाली उतरते.

गैरसमज २: भारतात कालव्यांतून बोटी कधी चालल्याच नाहीत.

वस्तुस्थिती: आपल्याच नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात त्या चालल्या. सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमचा बंधारा बांधला गेला. त्यातून निघालेले कालवे सिंचन आणि जलवाहतूक या दोन्हींसाठी आखले होते आणि त्यांवर लॉकही होते. आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतच्या बकिंगहॅम कालव्यातून मालाच्या होड्या जात असत. पुढे रेल्वे आणि रस्त्यांनी ही वाहतूक आपल्याकडे ओढली.

नाशिक-नगर भागात नांदूर-मधमेश्वरहून निघणारे ब्रिटिशकालीन गोदावरी कालवे मात्र सिंचनासाठीच होते. त्यामुळे एकाच नदीच्या पाण्यावर दोन प्रकारचे कालवे झाले. आज आपल्या देशात कालव्यातून लांबचा प्रवास अनुभवायचा असेल, तर केरळात कोल्लम ते आलप्पुळा हा जलमार्ग आहे. १९९३ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झालेल्या पश्चिम किनारा कालव्याचाच तो भाग.

गैरसमज ३: नॅरोबोट म्हणजे छोटी होडी. ती कोणीही हाताळेल.

वस्तुस्थिती: ती अरुंद असते, छोटी नसते. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली यांनी मध्य इंग्लंडच्या कालव्यांवर सुमारे ७ फूट रुंदीचे लॉक ठरवले. त्यात मावावी म्हणून बोटीची रुंदी ६ फूट १० इंच राहिली. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत जाते. जवळजवळ सगळ्या कालव्यांवर फिरायचं असेल तर ५७ फुटांच्या आतली बोट निवडतात, कारण उत्तरेकडचे काही लॉक लांबीला कमी आहेत.

पोलादी नॅरोबोटीचं वजन कित्येक टन भरतं. तिला ब्रेक नसतो. थांबवायची तर इंजिन उलटं फिरवावं लागतं आणि तरीही ती लगेच थांबत नाही. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे वळतं. खासगी वापरासाठी तिथे चालकाचा परवाना सक्तीचा नाही, म्हणून शिकण्याची गरज नाही असं कोणी समजू नये. एक-दोन दिवसांचं रीतसर प्रशिक्षण मिळतं. एकट्याने जाणाऱ्याने ते घ्यायलाच हवं.

गैरसमज ४: नकाशावर अंतर मोजलं की किती दिवस लागतील ते कळतं.

वस्तुस्थिती: किलोमीटर हा हिशेबाचा अर्धाच भाग. वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. प्रत्यक्षात ताशी पाच किलोमीटरच्या आसपास जाणं होतं. काठावर बांधलेल्या बोटींजवळून जाताना तर वेग आणखी कमी करावा लागतो. तिथले जुने जाणकार मैल आणि लॉक यांची बेरीज करतात आणि तिला तीनने भागतात. येणारा आकडा म्हणजे प्रवासाचे तास.

मनमाड ते येवला हे साधारण २५ किलोमीटरचं, म्हणजे सुमारे १६ मैलांचं अंतर धरू. लॉक नसलेल्या कालव्यावर त्याला साधारण सव्वापाच तास लागतील. त्याच अंतरात २० लॉक असतील तर बारा तास. माणूस एकटा असेल तर त्याहूनही जास्त. डिव्हायझेसजवळच्या केन हिलवर अवघ्या तीन-सव्वातीन किलोमीटरमध्ये २९ लॉक आहेत. म्हणून एकट्याने दिवसाला पाच-सहा तासांचाच बेत आखावा आणि दर आठवड्याला एखादा दिवस मोकळा ठेवावा.

गैरसमज ५: एकट्याला लॉक पार करताच येत नाही.

वस्तुस्थिती: येतं, आणि अनेक जण करतात. मात्र प्रत्येक पायरी सावकाश करावी लागते. बोटीच्या मध्यावर बांधलेला दोर हातात घेऊन शिडीने वर यायचं, दोर खुंट्याला नुसता वळसा देऊन धरायचा, दारं बंद करायची आणि विंडलस नावाच्या हँडलने झडपा थोड्या थोड्या उघडायच्या.

खाली उतरताना दोन गोष्टी जीवावर बेततात. पहिली, लॉकच्या वरच्या दाराशी पाण्याखाली दगडी किंवा काँक्रीटचा उंबरा असतो. बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला तर पाणी उतरत जातं तशी बोट कलते आणि बुडू शकते. म्हणून काठावरच्या खुणेच्या पुढेच थांबायचं. दुसरी, दोर गाठ मारून बांधायचा नाही, नाहीतर बोट दोराला लटकते. काहीही चुकतंय असं वाटलं की आधी झडपा बंद. एकट्याने लाइफ जॅकेट घालावं आणि फोन बोटीत न ठेवता अंगावर ठेवावा.

बोटी भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्या एकट्या माणसाला बोट देत नाहीत. विमानाचं तिकीट काढण्याआधीच हे लेखी विचारून घ्यावं.

गैरसमज ६: तिकडे पाऊस भरपूर, त्यामुळे पाण्याची चिंता नाही.

वस्तुस्थिती: एक अरुंद लॉक एकदा रिकामा केला की साधारण लाखभर लिटर पाणी खालच्या टप्प्यात जातं. ही तूट भरून काढण्यासाठी डोंगरावर जलाशय बांधलेले आहेत आणि तेही आटतात. २०१० आणि २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यांत लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे मोठे टप्पे बोटींसाठी बंद ठेवावे लागले. नोव्हेंबर ते मार्चमध्ये दुरुस्तीसाठीही जागोजागी लॉक बंद असतात. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग २०१२ पासून 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' सांभाळतो. बंद टप्प्यांच्या त्यांच्या सूचना निघण्यापूर्वी आणि वाटेतही रोज पाहाव्या लागतात.

बोटीतली टाकी काहीशे लिटरची असते आणि ती काठावरच्या ठरावीक नळांवरच भरता येते. दोन नळांमधलं अंतर, शौचालयाची टाकी रिकामी करण्याच्या जागा, डिझेल आणि गॅस हे सगळं मार्ग ठरवतानाच नोंदवून ठेवावं लागतं. साठवलेलं पाणी पुरवून वापरायची ज्यांना लहानपणापासून सवय आहे, त्यांना हा भाग जड जाणार नाही.

गैरसमज ७: बोट विकत घेतली की कुठेही फुकट राहता येतं.

वस्तुस्थिती: बोटीला परवाना, विमा आणि दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणीचा दाखला लागतो. कायमची जागा नसलेल्या बोटीला १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सहसा १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. बंद बोटीत शेगडी पेटवल्यावर विषारी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, म्हणून त्याचा अलार्म हवाच.

सुरुवात सोपी ठेवावी. आधी कोल्लम-आलप्पुळा मार्गावर प्रवासी म्हणून जा आणि पाण्यावरचा संथ दिवस आपल्याला मानवतो का ते पाहा. इंग्लंडची पहिली सफर सोबत्याबरोबर करा आणि त्याच सफरीत लॉकची सगळी कामं काही वेळा एकट्याने करून पाहा. एकट्याने निघाल तेव्हा पहिला मार्ग जवळजवळ बिनलॉकचा निवडा. सुमारे ३५ किलोमीटरचा अ‍ॅशबी कालवा तसा आहे. रोज कुठे थांबणार हे घरी कळवत राहा. वाटेत पाणी कमी झाल्याची सूचना आली, तर बेत बदला. तो कालवाही आधी पाण्याच्या हिशेबाने चालतो, मग आपल्या वेळापत्रकाने.