प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक: 1740 सालचं कोडं

मागच्या वेळी आपण प्रशियाचा 'सैनिक राजा' पहिला फ्रेडरिक विल्यम याच्यापाशी थांबलो होतो. आज त्याचा मुलगा, ज्याला जग फ्रेडरिक द ग्रेट म्हणतं.

पोराला नाद बासरीचा आणि फ्रेंच पुस्तकांचा. बापाला ते मुळीच खपत नसे, चारचौघांत हात उचलायलाही तो मागेपुढे पाहत नसे. 1730 मध्ये, अठराव्या वर्षी, फ्रेडरिकने पळून जायचा बेत केला आणि तो फसला. साथ देणारा मित्र कात्ते याचा क्युस्ट्रिनच्या किल्ल्यात शिरच्छेद झाला. ते पाहण्यासाठी राजपुत्राला कोठडीच्या खिडकीपाशी उभं केलं गेलं.

आता 1740 साल. 31 मेला तो गादीवर आला. काही दिवसांतच, राजद्रोहासारखे मोजके गुन्हे वगळता, कबुलीसाठी आरोपीचा छळ करायला त्याने बंदी घातली. त्याच वर्षी मॅकियाव्हेलीचं खंडन करणारा त्याचा ग्रंथ, व्होल्तेरने हात फिरवून, हॉलंडात छापला. राजा हा प्रजेचा सेवक, हा त्यातला विचार. आणि डिसेंबरात? सम्राट सहावा चार्ल्स नुकताच वारला होता, ऑस्ट्रियाच्या गादीवर तेवीस वर्षांची मारिया थेरेसा होती. फ्रेडरिकने सरळ तिच्या सायलेशिया प्रांतात फौजा घुसवल्या. मॅकियाव्हेलीने तरी याहून निराळा सल्ला काय दिला असता!

याला ढोंग म्हणून मोकळं होता येतं, पण आपल्याला ते पुरेसं वाटत नाही. त्याच्या लेखी सेवा करायची ती राज्ययंत्राची, आणि बापाने भरलेला खजिना व सुमारे 80 हजारांची कवायती फौज हाताशी तयारच होती. सुधारणांकडेही याच नजरेने पाहा. ओडर नदीकाठची दलदल उपसून त्याने तिथे शेतकरी वसवले, बटाटा लावायचे हुकूम काढले, धर्माच्या बाबतीत सैल धोरण ठेवलं. त्यातून माणसं वाढली, कर वाढला. सरदारांच्या जमिनीवरची वेठबिगार मात्र सुटली नाही, कारण फौजेतले अधिकारी त्याच सरदारांच्या घरांतून येत.

सात वर्षांच्या युद्धात, 1759 साली कुनर्सडॉर्फला त्याचा दारुण पराभव झाला. पुढे तो वाचला त्यात नशिबाचा वाटा मोठा. जानेवारी 1762 मध्ये रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली आणि तिच्या जागी आलेला तिसरा पीटर फ्रेडरिकचा भक्त निघाला! सायलेशिया राहिला. 1772 मध्ये पोलंडचा लचका तोडण्यातही तो होताच.

17 ऑगस्ट 1786 रोजी तो सांसूसी महालात वारला. आपल्याला तिथेच, लाडक्या कुत्र्यांशेजारी पुरावं, असं त्याने लिहून ठेवलं होतं. पुतण्याने पुरलं ते चर्चमध्ये, बापाच्या शेजारी. इच्छा पुरी झाली 1991 साली. आज त्या साध्या थडग्यावर लोक बटाटे ठेवून जातात.