पान्यांच्या आधी मायक्रोमीटर

घरच्या घरी स्पोर्ट्स कारचे ब्रेक बदलायचं ठरलं की पहिली खरेदी होते ती पान्यांची. क्रोमचा मुलामा दिलेला, शंभर-दीडशे नगांचा संच घरी येतो आणि आता काम झालंच असं वाटू लागतं. हे साहजिक आहे, कारण डोळ्यांपुढे येतं ते नट-बोल्ट सोडवण्याचं काम. पण ब्रेक बदलण्यात सोडवणं हाच सगळ्यात सोपा भाग आहे. डिस्क ब्रेकचे जुने पॅड काढून नवे बसवायला मोजून चार-पाच मापांचे पाने लागतात. चूक होते ती दुसरीकडे: गाडी नीट टेकवलेली नसते, डिस्क मोजलेली नसते, बोल्ट किती आवळला ते माहीत नसतं. म्हणून पैसे बरोबर उलट्या क्रमाने खर्च व्हायला हवेत, असं माझं म्हणणं आहे. आधी गाडी पेलून धरणारी अवजारं, मग मोजणारी, आणि सोडवणारी सगळ्यात शेवटी.

हे म्हणणं एखाद्या खऱ्या गाडीवर तपासून पाहायला हवं, आणि त्यासाठी माझदाच्या एमएक्स-5 इतकी योग्य गाडी दुसरी नाही. अमेरिकेत ती मियाटा म्हणून ओळखली जाते. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि 2016 मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन माणसांची, उघड्या छपराची, मागच्या चाकांना ताकद देणारी ही हलकी गाडी. आपल्याकडे माझदा हे नाव लोकांना आठवतं ते स्वराज माझदाच्या ट्रक आणि मिनीबसमुळे, पण अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये जुन्या एमएक्स-5 घराच्या अंगणात स्वतः दुरुस्त करणाऱ्यांची एक मोठी जमातच आहे. तिथे मजुरी महाग आणि गाडीची रचना साधी, त्यामुळे हा छंद टिकला. मुळात हलकी गाडी, त्यामुळे तिचे ब्रेकही लहान. सुरुवातीच्या 1.6 लिटर इंजिनाच्या गाडीत पुढच्या डिस्कचा व्यास जेमतेम 235 मिलिमीटर होता.

लहान ब्रेक म्हणजे सोपं काम, असा अर्थ मात्र काढू नये. चालकासह हजार किलोची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने धावत असेल तर तिच्यात सुमारे 3 लाख 86 हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळी येईपर्यंत तापवायला लागते त्याहून ही जास्त आहे, आणि थांबताना ती जवळजवळ सगळी डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. वेग 160 झाला की ऊर्जा अडीच पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साधी गाडी असा ब्रेक क्वचित सोसते. घाटात किंवा रेस ट्रॅकवर हौसेने चालवलेली स्पोर्ट्स कार तो दर वळणाला सोसते. म्हणूनच या गाडीत डिस्कच्या जाडीतला थोडासा फरक, थोडं जुनं ब्रेक ऑइल किंवा किंचित सैल बोल्ट लगेच जाणवतो.

सुरुवात गाडी उचलण्यापासून. स्पोर्ट्स कार जमिनीलगत असते, त्यामुळे नेहमीचा जॅक तिच्याखाली शिरतच नाही. बुटका, लांब दांड्याचा ट्रॉली जॅक लागतो, म्हणजे पुढच्या बाजूने आडव्या तुळईपर्यंत आणि मागच्या बाजूने डिफरन्शियलपर्यंत पोचता येतं. पण जॅकचं काम उचलण्यापुरतंच. तो आतल्या तेलाच्या दाबावर उभा असतो आणि एक रबरी सील गळलं की खाली बसतो. गाडी धरून ठेवण्याचं काम स्टँडचं, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या घोडीचं. त्या जोडीनेच घ्याव्यात आणि कंपनीने नेमून दिलेल्या मजबूत जागीच टेकवाव्यात. इथे स्वस्तात भागवणाऱ्यांनी 2020 ची घटना लक्षात ठेवावी. त्या वर्षी अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या अवजारांच्या मोठ्या दुकानसाखळीला आपल्या तीन आणि सहा टनी स्टँडपैकी लाखो नग परत मागवावे लागले. दात्यात अडकणारी खिट्टी नीट बसत नव्हती आणि धक्का लागला तर स्टँड खाली घसरण्याचा धोका होता. नवा, लेबल लावलेला, वजनाची क्षमता छापलेला स्टँडही असा निघू शकतो. म्हणून काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवण्याची जुनी पद्धत सोडू नये, तिला पैसा लागत नाही. मागच्या ब्रेकचं काम असेल तर हँडब्रेक सोडावाच लागतो, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. डांबरी अंगण उन्हात मऊ होतं आणि स्टँडचे पाय त्यात रुततात, तेव्हा खाली जाड प्लायवूडचा तुकडा हवा.

आता मागच्या चाकाकडे वळू, कारण माझ्या मुद्द्याचा सगळ्यात ठोस पुरावा तिथे आहे. नवे पॅड जाड असतात, त्यामुळे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधला बाहेर आलेला पिस्टन आत ढकलावा लागतो. पुढच्या चाकांना हे काम साध्या सी-क्लॅम्पने होतं. तोच क्लॅम्प एमएक्स-5 च्या पहिल्या दोन पिढ्यांच्या मागच्या कॅलिपरला लावला तर पिस्टन हलत नाही, आणि जोर वाढवत नेला तर आतली यंत्रणा बिघडते. कारण हँडब्रेक याच कॅलिपरवर काम करतो आणि पिस्टनच्या मागे आट्यांचा एक स्क्रू असतो. कॅलिपरच्या पाठीवरचा छोटा बोल्ट काढला की त्यामागे 4 मिलिमीटरच्या अॅलन कीचं भोक दिसतं. ती की फिरवली की पिस्टन अलगद आत जातो. नवे पॅड बसवल्यावर तोच स्क्रू उलट फिरवून पॅड डिस्कला टेकवायचे आणि मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. दुसऱ्या कित्येक गाड्यांत पिस्टन दाबता दाबता गोल फिरवावा लागतो आणि त्यासाठी वेगळं अवजार मिळतं. म्हणजे दीडशे नगांच्या संचापेक्षा त्या विशिष्ट गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हे अधिक मोलाचं अवजार आहे. ते आधी वाचलं तर खरेदीची यादी निम्म्याने कमी होते.

मोजण्याच्या बाबतीत तर घरगुती दुरुस्ती बहुतेक वेळा आंधळीच असते. प्रत्येक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क पुरेशी उष्णता साठवू शकत नाही आणि तडकूही शकते. ही जाडी साध्या व्हर्नियरने मोजली तर फसगत होते, कारण पॅड जिथे घासत नाही तिथे डिस्कच्या कडेला गंजाची आणि न झिजलेल्या लोखंडाची वरंबी उरते. व्हर्नियरचे सपाट जबडे त्या वरंबीवर टेकतात आणि झिजलेली डिस्क जाड असल्याचं दाखवतात. मायक्रोमीटरची टोकं मात्र वरंबी ओलांडून घासलेल्या पृष्ठभागावर बसतात. एकाच डिस्कवर सात-आठ जागी मोजलं की जाडी सारखी आहे का तेही कळतं. ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं तेव्हा लोक म्हणतात, डिस्क वाकडी झाली. पुष्कळदा कारण वेगळंच असतं. नवी डिस्क बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केलेला नसतो. गंजाच्या कणामुळे डिस्क किंचित कलते, फिरताना एका ठिकाणी पॅडला पुन्हापुन्हा घासते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथे पातळ होते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा जाडीतला फरकही पायाला जाणवू शकतो. डिस्क बसवल्याबरोबर चुंबकी पायाचा डायल गेज लावून ती एकदा हाताने फिरवली असती तर हा कल तेव्हाच दिसला असता, आणि चांगली डिस्क भंगारात गेली नसती.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: अनुभवी मेकॅनिक यातलं काही वापरत नाहीत, बोल्ट किती आवळायचा याचाही त्यांच्या हातालाच अंदाज असतो. त्या हाताबद्दल मला आदर आहे. पण हा अंदाज एका ठरावीक लांबीच्या पान्याशी बांधलेला असतो. 40 सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर 25 किलोचा जोर दिला की साधारण 100 न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, तोच जोर 20 सेंटिमीटरच्या पान्यावर निम्माच टॉर्क देतो. शिवाय बोल्टला दिलेल्या टॉर्कपैकी फार थोडा, ढोबळमानाने दहा-पंधरा टक्के, बोल्ट ताणून भाग घट्ट धरण्यात जातो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतो. आट्यांना तेल लागलेलं असेल तर हातात तेवढाच जोर जाणवूनही ताण कितीतरी जास्त होतो. रोज त्याच दहा गाड्यांवर तेच पाने चालवणाऱ्याचा हात हे सारं सवयीने जुळवून घेतो. दोन-तीन वर्षांतून एकदा काम करणाऱ्याला ती सवय लागणं शक्य नाही, म्हणून टॉर्क रेंचची गरज कारागिरापेक्षा हौशी माणसालाच अधिक आहे. फक्त त्यावरचं एकक पाहावं. पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 च्या चाकाचे नट 88 ते 118 न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. अमेरिकन रेंच फूट-पाउंडात असतो आणि त्यावर 100 लावले तर प्रत्यक्षात 136 न्यूटन-मीटर बसतात.

उरलेल्या अवजारांना फार जागा द्यायची गरज नाही. कॅलिपर सुटा झाला की तो टांगायला तारेचा आकडा हवा, कारण रबरी नळीवर त्याचं वजन येऊ देणं धोक्याचं. ब्रेकच्या पाइपचा नट सोडावा लागलाच तर फ्लेअर नट पाना घ्यावा, साध्या पान्याने त्या मऊ नटाचे कोपरे गोल होतात. पॅडची धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये, ती ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक ऑइलची गोष्ट थोडी वेगळी, कारण ते हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 155 वर येते. उकळलं की बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून पारदर्शक नळी, एक बाटली आणि नव्या ऑइलचा सीलबंद डबा जवळ ठेवून जुनं ऑइल बदलावं आणि हवा काढावी. हे ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग सोलतो, तेव्हा पाण्याची बादली जवळच असू द्या.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र टॉर्क रेंचबद्दल नाही. ब्रेक हा जिवाशी खेळ आहे, तो घरी करूच नये, असं पुष्कळ समंजस माणसं म्हणतात. रस्त्यावर केवळ आपला नाही, दुसऱ्याचाही जीव असतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण गॅरेजमधलं काम सुरक्षित असतं ते तिथे छप्पर आणि पाटी असते म्हणून नव्हे. तिथे लिफ्ट असते, मापं घेतली जातात, टॉर्क पाळला जातो, म्हणून ते सुरक्षित असतं. जिथे हे होत नाही तिथलं काम अंगणातल्या कामापेक्षा चांगलं म्हणता येणार नाही. तरीही मर्यादा मानायला हवी, आणि ती अवजारांवरूनच ठरते. 2019 मध्ये आलेल्या नव्या टोयोटा सुप्रासारख्या गाड्यांत हँडब्रेक विजेच्या मोटरने चालतो. स्कॅनर जोडून ती मोटर दुरुस्तीच्या स्थितीत नेल्याशिवाय मागच्या पॅडला हात लावू नये. पोर्शेच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कची झीज जाडीबरोबर वजनावरूनही ठरवली जाते, किमान वजन डिस्कवरच लिहिलेलं असतं, आणि चाक काढताना ते डिस्कवर आपटलं तर तिचा टवका उडू शकतो. स्कॅनर आणि अचूक वजनकाटा नसलेल्याने या दोन ठिकाणी थांबावं.

खर्चाचा हिशेब प्रत्येक देशात वेगळा येतो. अमेरिकेत सुट्या भागांची काही दुकानं अनामत रक्कम घेऊन अवजारं वापरायला देतात. जर्मनीत लिफ्टसकट वर्कशॉपची जागा तासावर भाड्याने मिळते, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तो उत्तम मार्ग आहे. पिस्टन ढकलायचं अवजार किंवा डायल गेज असं उसनं आणायला हरकत नाही. टॉर्क रेंच मात्र स्वतःचाच असावा, कारण दुसऱ्याच्या हातून तो किती वेळा पडला हे आपल्याला कळत नाही आणि पडलेला रेंच चुकीचा आकडा दाखवू शकतो. पुण्यात किंवा ठाण्यात मजुरी स्वस्त असल्याने हे सगळं विकत घेण्यात पैशाचा फायदा नाही, हेही मान्य. पण इथल्या गाडीमालकाला गॅरेजमध्ये दोन प्रश्न विचारता येतात: डिस्कची जाडी किती भरली, आणि नट कितीला आवळले? उत्तर आकड्यात मिळालं नाही तर दुसरं गॅरेज शोधावं.

काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावं, कारण मागे ढकललेले पिस्टन पॅडपर्यंत आलेले नसतात आणि पहिला पाय रिकामा जातो. मग टाकीतली ऑइलची पातळी पाहावी. पहिले काही थांबे मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात घ्यावेत आणि पॅड व डिस्क एकमेकांना सरावल्याशिवाय जोरात ब्रेक मारू नये. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाच्या प्रत्येक नटाला पुन्हा एकदा टॉर्क रेंच लावा.