सोमवार, बुधवार, शुक्रवार

आमच्या नागपूरच्या घरी भिंतीवर एक कॅलेंडर आहे. त्यावर सोमवार, बुधवार आणि शुक्रवारला लाल पेनाने गोल केलेले असतात. पाहुणे विचारतात, हे कसले उपवास? आम्ही सांगतो, उपवास नव्हेत, हे आमच्या वहिनींच्या सुईचे दिवस!

वहिनींना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. विजेच्या तारेवर जसे रबराचे आवरण असते, तसेच आपल्या मज्जातंतूंवरही असते. या आजारात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच उलटते आणि मेंदूतील व मज्जारज्जूतील हे आवरण कुरतडते. वहिनींना आधी एका डोळ्याने अंधुक दिसू लागले. मग बोटे बधिर झाली. शिवणकाम करणाऱ्या बाईला सुईत दोरा ओवता येईना. कोणी म्हणाले, बाहेरचे बघून घ्या. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. एम. आर. आय. काढला, तेव्हा आजाराचे नाव कळले. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, हे शेजारीपाजारी आम्ही मुद्दाम सांगितले.

डॉक्टरांनी ग्लॅटिरामरचे इंजेक्शन दिले. ४० मिलिग्रॅम, आठवड्यातून तीनदा, दोन सुयांमध्ये किमान ४८ तास. नर्सताईंनी समोर बसवून शिकवले आणि वहिनी स्वतःच टोचून घेऊ लागल्या.

काही महिने बरे गेले. मग वहिनींनी गुपचूप सुया बंद केल्या. "मला आता काही होत नाही. त्या पैशात पोरीची फी भागेल," असा त्यांचा हिशेब. आम्हाला पत्ताच नाही! पुढे एक दिवस पाय लुळे पडून त्या न्हाणीत कोसळल्या, तेव्हा सारे उघड झाले. डॉक्टर म्हणाले, "हे औषध आजार मुळापासून काढत नाही, पुढचे झटके कमी करते. बरे वाटते म्हणून ते आपल्या मनाने थांबवायचे नसते." चूक एकट्या वहिनींची होती काय? सुई त्यांची म्हणून काळजीही त्यांचीच, असे आम्ही सर्वांनीच धरले होते.

त्या दिवसापासून आम्ही कामे वाटून घेतली. औषध फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशात, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवायचे; ते भाऊंचे काम. संध्याकाळी भाकरीचे पीठ मळायला घेतले की पुतणी सिरिंज बाहेर काढते. वीस मिनिटांत तिचा गारठा जातो. आज पोट, परवा मांडी, मग दंड, असे जागा बदलणे तिच्याच वहीत लिहिलेले असते. आजी शेजारी बसून गप्पा मारतात. टोचल्यावर जागा चोळायची नाही. सुई चुकली तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचे.

कधी टोचल्यावर लगेच चेहरा लाल होतो, छातीत धडधडते. बहुधा थोड्या वेळात ओसरते. पण श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या किंवा त्रास वाढत गेला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. क्वचित ही जिवावरची ॲलर्जी असू शकते, आणि ती खूप दिवस औषध घेतल्यानंतरही होऊ शकते.

आमच्याकडचा उन्हाळा तर विचारूच नका! उकाड्याने वहिनींना पुन्हा अंधुक दिसते, अंग थंड झाले की निवळते. औषध ३० अंशांपर्यंत महिनाभर फ्रिजबाहेर चालते, पण मे महिन्यात इथे ४५ अंशांजवळ पारा जातो. वीज गेली की डबा बर्फाच्या पेटीत, मात्र बर्फाला चिकटवून नाही.

वापरलेली सुई आम्ही कचऱ्यात कधीच टाकत नाही. कचरा उचलणारे हात आपल्याच भावाबहिणींचे आहेत. जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात सुया साठवून तो डबा आम्ही दवाखान्यात परत देतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हा आजार आहे. त्रासाच्या प्रमाणानुसार प्रमाणपत्र मिळते, त्यासाठी सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करावा. १९८५ साली स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई-पुण्यातही शाखा आहेत. खर्च झेपत नसेल तर औषध सोडण्याआधी डॉक्टरांशी आणि रुग्णालयातील समाजसेवा विभागाशी बोलावे.

वहिनी आज पुन्हा मशीनवर बसतात. पूर्वीइतके काम होत नाही, पण होते. भगिनींनो, तुमच्या घरात कोणी रोज सुई टोचून घेत असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. सुई एकाच्या अंगात जाते. तिची आठवण मात्र साऱ्या घराने ठेवायची असते.