पडद्यावरचे चित्र आणि मूळ चित्र



वार्षिक अहवालात आपण जमाखर्च, रुग्णसंख्या आणि नव्या यंत्रसामग्रीची माहिती दरवर्षी वाचता. यंदा त्यासोबत एका लहानशा विषयाचे विवेचन करावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाच्या बैठकीत करण्यात आली. एका संगणकाचा पडदा दुसऱ्या संगणकावर दाखविताना चित्र अस्पष्ट का होते, आणि त्यावर उपाय काय, हा तो विषय होय. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यक आणि संगणक हे दोन्ही त्याच्या अभ्यासाचे प्रांत नव्हेत. म्हणून जे समजले ते, ज्या भाषेत समजले त्याच भाषेत मांडीत आहे.

दूरच्या तज्ज्ञांची आवश्यकता

लातूरपासून पुणे रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. प्रत्येक शाखेचा तज्ज्ञ दिवसाचे चोवीस तास उपलब्ध ठेवणे आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयास शक्य नसते. रुग्ण नेण्याऐवजी त्याचे चित्र तज्ज्ञाकडे पाठवावे, हा विचार त्यातूनच आला. आपल्या देशात इस्रोने २००१ पासून उपग्रहाच्या साहाय्याने दूरवैद्यकाचे काम आरंभिले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र शासनाची ई-संजीवनी सेवा सुरू झाली आणि २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत झाली. आमच्या रुग्णालयातही रात्रीच्या वेळी बाहेरगावच्या क्ष-किरणतज्ज्ञांना संगणकाचा पडदा दाखवून सल्ला घेण्याची पद्धत होती. ती सोयीची होती. तिच्यातील उणीव मात्र एका संध्याकाळी ध्यानात आली.

त्या संध्याकाळी काय घडले

सोयाबीनच्या मळणीचे दिवस होते. ट्रॅक्टरवरून पडलेल्या एका शेतमजुरास त्याचे भाऊ घेऊन आले. छातीस मार लागला होता, परंतु तो चालत आला होता आणि बोलत होता. छातीचे क्ष-किरण चित्र काढण्यात आले. नेहमीप्रमाणे पडदा पुण्याच्या तज्ज्ञांना दाखविण्यात आला. बरगडी मोडलेली दिसत नव्हती. वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठविण्याची तयारी झाली. भावांनी गाडीचीही चौकशी केली.

तेवढ्यात तज्ज्ञ म्हणाले, "चित्र आज नेहमीसारखे नाही. अक्षरेही मोठी आणि फुटलेली दिसतात. मला मूळ चित्र पाठवा, तोवर रुग्णास सोडू नका." मूळ चित्र पाठविले गेले. त्यात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात केसासारखी एक पांढरी रेषा होती आणि तिच्या पलीकडे रक्तवाहिन्यांच्या खुणा नव्हत्या. फुप्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत हवा शिरल्याचे ते लक्षण होते. ही हवा वाढत गेल्यास श्वास कोंडून जिवावर बेतू शकते. रुग्णास दाखल करून घेण्यात आले. रात्री त्याचा दम वाढला, शल्यचिकित्सकांनी छातीत नळी घातली आणि काही दिवसांनी तो आपल्या पायांनी घरी गेला. तो त्या रात्री गावाकडच्या रस्त्यावर असता तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

रेषा कोठे हरवली?

संगणकावरील चित्र हे बारीक बिंदूंचे बनलेले असते. छातीच्या डिजिटल क्ष-किरण चित्रात रुंदीस सुमारे २००० आणि उंचीस सुमारे २५०० बिंदू धरले, तर एकूण ५० लाख बिंदू होतात. पडद्याचेही बिंदू असतात आणि त्यांच्या संख्येस रिझोल्यूशन म्हणतात. आज सर्वसाधारण मॉनिटरवर १९२० × १०८० बिंदू असतात, तर जुन्या प्रोजेक्टरवर १०२४ × ७६८.

त्या दुपारी परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी क्ष-किरण कक्षातील संगणकास शेजारच्या खोलीतील प्रोजेक्टर जोडला होता. कार्यक्रम संपला, दिवे मालवले गेले, पण केबल तशीच राहिली. दोन पडद्यांवर एकच चित्र दाखवायचे असले की संगणक सामान्यतः दोघांनाही पेलेल असे रिझोल्यूशन निवडतो. प्रोजेक्टरला १०२४ × ७६८ पेलत होते, म्हणून मॉनिटरही तेवढ्यावर आला. २५०० बिंदू उंचीचे चित्र ७६८ बिंदूंत बसविले गेले. रुंदी त्याच प्रमाणात घटून सुमारे ६१४ झाली. गुणाकार केल्यास पावणेपाच लाखांहून किंचित कमी बिंदू उरतात. म्हणजे मूळच्या दहा बिंदूंमागे एकही पुरता बिंदू उरला नाही. दोन बिंदू जाडीची रेषा अशा संक्षेपात पुसट होते किंवा नाहीशी होते.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, ताळेबंद हजार रुपयांत मांडला की तीनशे रुपयांची तफावत दिसत नाही. बेरीज जुळते, लेखापरीक्षकही स्वाक्षरी करतात, परंतु ती तफावत मूळ खतावणीत असतेच. पडदा हा ताळेबंद आहे आणि मूळ चित्र ही खतावणी.

बिंदूंबरोबर करड्या छटांचाही प्रश्न असतो. क्ष-किरण चित्रात बहुधा ४०९६ छटा नोंदविलेल्या असतात, तर साधा मॉनिटर एका वेळी २५६ दाखवितो. मूळ चित्र हाती असल्यास तज्ज्ञ हव्या त्या छटा पुढे आणून फुप्फुस वेगळे आणि हाड वेगळे पाहू शकतात. दाखविलेल्या पडद्यावर तशी सोय नसते.

ताणलेल्या चित्राचा धोका

अस्पष्ट चित्र निदान शंका तरी उत्पन्न करते. ताणलेले चित्र त्याहून फसवे असते. जुन्या पडद्यांची रुंदी व उंची ४ : ३ प्रमाणात असे, नव्यांची १६ : ९ असते. जुन्या प्रमाणातील चित्र नव्या पडद्यावर काठोकाठ भरले की त्याची रुंदी एकतृतीयांशाने वाढते. छातीची रुंदी आणि हृदयाची रुंदी सारखीच ताणली जात असल्याने त्यांचे परस्पर गुणोत्तर बिघडत नाही. कोन मात्र बिघडतो. उभ्या रेषेशी ४५ अंशांचा असलेला कोन सुमारे ५३ अंशांचा दिसतो. मोडलेल्या हाडाचा किंवा वाकलेल्या मणक्याचा कोन अशा पडद्यावर मोजणे म्हणजे चुकीच्या मापाने कापड बेतणे होय.

अत्यल्प खर्चाचे उपाय

त्या प्रसंगानंतर प्रस्तुत लेखकाने निदानासाठीच्या खास मॉनिटरचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवण्यासाठी लिहून काढला. असे मॉनिटर लाखांच्या घरात जातात. संगणक पाहणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्याने तो वाचून विचारले, "साहेब, पलीकडे कितीही चांगला पडदा असला तरी आपण पाठवतोच कमी, तर तो दाखवणार काय?" लातूरकरांस हे वेगळे समजावून सांगणे नको. २०१६ साली आपण रेल्वेने आलेले पाणी प्यालो आहोत. जलवाहिनी जेथे सर्वांत अरुंद असते, तेवढेच पाणी पुढे येते. टाकी मोठी बांधून ते वाढत नाही. प्रस्ताव मागे घेण्यात आला आणि पुढील व्यवस्था करण्यात आली.

पहिली गोष्ट, प्रत्येक मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवरच ठेवला जातो. सपाट पडद्यावरील बिंदू ठरलेले असतात. त्याहून वेगळी संख्या निवडली की चित्र धूसर होते. अक्षरे बारीक वाटल्यास रिझोल्यूशन न घटवता अक्षरांचे प्रमाण वाढवावे.

दुसरी, प्रोजेक्टर जोडताना दोन्हीकडे तेच चित्र दाखविण्याचा पर्याय न निवडता पडदा विस्तारण्याचा पर्याय निवडला जातो. मग दोन्ही पडद्यांचे रिझोल्यूशन स्वतंत्र राहते.

तिसरी, दूरच्या संगणकाशी जोडणीचे दोन प्रकार ओळखून वापरले जातात. एका प्रकारात दूरच्या संगणकाचा पडदा आहे तसा दिसतो. त्या संगणकास मॉनिटरच जोडलेला नसेल, तर तो पुष्कळदा अगदी कमी रिझोल्यूशनवर चालतो. मॉनिटर असल्याचा भास निर्माण करणारा एक छोटा प्लग लावल्यास ही अडचण दूर होते. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये, पाहणाऱ्याच्या पडद्याचे माप घेऊन नवा पडदा तयार होतो; तेथे पाहणाऱ्याने आपले माप नीट निवडावे लागते.

चौथी, जुन्या सदोष केबल बदलण्यात आल्या. केबलची एखादी पिन तुटली असल्यास मॉनिटरची ओळख संगणकापर्यंत पोहोचत नाही आणि तो अंदाजाने कमी रिझोल्यूशन निवडतो.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, दाखविलेल्या पडद्यावरून अंतिम निदान केले जात नाही. पडदा चर्चेसाठी, निदान मूळ चित्रावरून, असा लेखी नियम आहे. व्हिडिओ संभाषणात इंटरनेटचा वेग घटताच चित्र आपोआप आकुंचित केले जाते. ते आपल्या हाती नसते. मूळ चित्र डायकॉम या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार जतन होते. किल्लारीचा भूकंप झाला त्याच १९९३ साली या प्रमाणास आजचे नाव व रूप मिळाले. त्यात रुग्णाचे नाव, तारीख आणि सर्व छटा चित्रासोबतच राहतात. क्ष-किरण कक्षातील नोंदवहीत आता दर पाळीच्या आरंभी पडद्याचे रिझोल्यूशन लिहून स्वाक्षरी करण्यात येते.

आप्तजनांस विनंती

रुग्णाची फिल्म उजेडासमोर धरून मोबाईलने छायाचित्र काढावे आणि ते नातेवाईक डॉक्टरांस पाठवावे, ही पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. भावना समजण्यासारखी आहे. परंतु अशा छायाचित्रात खिडकीचे प्रतिबिंब येते, कडा वाकतात आणि संदेशसेवा ते आणखी लहान करून पाठवितात. त्यावरून "काही नाही" असा निरोप आला, तरी त्यावर विसंबू नये. दुसरे मत घेण्याचा आपणांस अधिकार आहे. त्यासाठी आमच्याकडे मूळ चित्राची सीडी अथवा संगणकीय प्रत मागावी. जुनी चित्रे जपून ठेवावीत आणि येताना सोबत आणावीत. आपली चित्रे बाहेरच्या तज्ज्ञांस दाखविताना आपली संमती घेतली जाते. त्या वेळी मनातील शंका मोकळेपणाने विचाराव्यात.

देणगीदारांनी दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब या अहवालात आहे. एक नोंद मात्र त्यात सापडणार नाही. खास मॉनिटरची गरज पुढे भासेल, तेव्हा आपल्याकडे येऊच. पण त्याआधी हाताशी असलेले साधन नीट वापरणे आमचे कर्तव्य होते. त्या संध्याकाळी "मूळ चित्र पाठवा" एवढे शब्द उच्चारण्यास काहीही खर्च आला नाही. 

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी