एक्सप्लेनर : लोणावळ्याच्या पावसात हेल्मेटची काच सारखी धुरकट का होते? फट उघडूनही का भागत नाही?

जुलैमध्ये कामशेत सोडून लोणावळ्याकडे निघालेल्या दुचाकीस्वाराला एक अनुभव हमखास येतो. बाहेर धो धो पाऊस आणि हेल्मेटच्या काचेवर आतून पांढरट थर. तो पुसायचा तर काच वर करावी लागते. वर केली की पावसाचे थेंब डोळ्यांत टोचतात, खाली घेतली की दोन-चार श्वासांत पुन्हा तेच.

यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे दुचाकींची सगळी गर्दी जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर असते. भुशी धरण किंवा टायगर पॉइंटला वर्षाविहारासाठी येणाऱ्यांना हा त्रास एका दिवसापुरता. पण तळेगाव एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, पवन मावळ, नाणे मावळ आणि अंदर मावळातून दूध घेऊन निघणारे शेतकरी यांना जून ते सप्टेंबर रोज याच काचेतून रस्ता पाहावा लागतो. वैतागून अनेकजण काच वर ठेवतात, काहीजण हेल्मेटच आरशाला अडकवतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. काच पुसण्यात दोन सेकंद गेले, तर २२ मीटर रस्ता न पाहताच कापला जातो. जुन्या महामार्गावर तेवढ्या अंतरात खड्डाही येतो आणि वळणही.

नेमके काय घडते?

श्वासातून बाहेर पडणारी हवा साधारण ३४ अंश सेल्सिअसची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असते. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम पाणी असते. लोणावळ्यात पावसाळी दिवशी तापमान २२ अंशांच्या आसपास असते आणि त्या तापमानाला हवा जेमतेम १९ ग्रॅम बाष्प धरू शकते. वारा आणि पावसाच्या पाण्याने काच बाहेरून सतत गार होत राहते. उबदार श्वास तिला लागला की जास्तीचे बाष्प आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने साचते. खोपोलीहून खंडाळ्याकडे येताना तर साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. हवा तीन अंशांनी तरी गार होते, आणि खाली स्वच्छ असलेली काच घाटात दगा देते.

काच थोडी उघडी ठेवा, हा सल्ला सगळेच देतात. हिवाळ्यात किंवा कोरड्या हवेत तो चोख लागू पडतो, कारण फटीतून येणारी कोरडी हवा काचेवरचे बाष्प शोषून घेते. मावळात पावसाळ्यात बाहेरची हवाच काठोकाठ भरलेली असते. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात तो ४ हजार मिलिमीटरच्या वर जातो. ढग रस्त्यावर उतरलेले असताना फटीतून आत येणारी हवा आणखी बाष्प घेणार कुठे? गाडी वेगात असेल तर ती श्वास काचेपर्यंत पोहोचण्याआधी बाजूला ढकलते, एवढाच तिचा उपयोग. भुशी धरणाच्या रस्त्यावर रविवारी कोंडीत उभे राहिलात की तोही संपला. म्हणजे फट हवीच, पण तिच्यावर विसंबता येत नाही.

मग काचेवर काय लावायचे?

इथे एक गोष्ट लक्षात घेतली की बाकीचे सोपे होते. काच धुरकट दिसते ती पाण्यामुळे नव्हे, तर पाण्याच्या असंख्य बारीक थेंबांमुळे. प्रत्येक थेंब प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो. तेच पाणी काचेवर सलग, पातळ पसरले तर आरपार स्वच्छ दिसते. हवा कोरडी करणे आपल्या हातात नाही, थेंब मोडणे मात्र आहे. साबण नेमके हेच करतो. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि थेंब गोल न राहता पसरतात.

भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब धुतलेल्या कोरड्या काचेवर आतून बोटाने पसरवायचा आणि मऊ सुती कापडाने डाग दिसेनासे होईपर्यंत पुसायचा. थर दिसता कामा नये. जाड राहिला तर ओघळून डोळ्यांत जातो. परिणाम एखाद्या फेरीपुरता टिकतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावा लागतो. बाजारात मिळणारे अँटी फॉग स्प्रेही याच तत्त्वावर चालतात. कंपनीनेच काचेला आतून अँटी फॉग थर दिला असेल तर मात्र साबण लावू नका आणि ती घासूही नका.

वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू किंवा बटाट्याचा काप चोळायची ट्रकचालकांची जुनी युक्ती याच जातीची. पण ती ट्रकच्या काचेसाठी. हेल्मेटची ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक, आणि त्यावर चटकन ओरखडे पडतात. टूथपेस्ट, पेट्रोल, थिनर आणि अमोनियाचे ग्लास क्लीनर तिच्यापासून लांबच ठेवा.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर ‘पिनलॉक’सारखी दुहेरी काच हा सर्वांत भरवशाचा उपाय. मूळ काचेच्या आत दोन खुंट्यांवर दुसरी पातळ काच बसते. तिच्या कडेच्या सिलिकॉनमुळे मध्ये हवेचा बंद कप्पा तयार होतो आणि आतली काच गार पडत नाही. शिवाय तिचा पृष्ठभाग ओलावा शोषून घेतो. मात्र खुंट्यांची सोय असलेल्या काचेवरच ती बसते, त्यामुळे हेल्मेट घेतानाच विचारून घ्यावे. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह तर हवेच; १ जून २०२१ पासून त्याविना दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही.

बाहेरच्या थेंबांचे काय?

बाहेरून उलटी गरज असते: पाणी घसरून जायला हवे. त्यासाठी पाणी झटकणारे पॉलिश मिळते, पण थेंब उडवायला वारा लागतो. घाटात ट्रकच्या मागे ताशी २० च्या वेगाने रांगताना थेंब जागीच बसून राहतात. तेव्हा डाव्या हाताच्या ग्लोव्हच्या बोटावरची रबरी पट्टी कामी येते. डाव्या, कारण उजवा ॲक्सिलरेटरवर असतो. रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश प्रत्येक थेंबात आणि ओरखड्यात फुटतो. काळी काच घालून पावसात रात्रीचा घाट चढणे हा निव्वळ वेडेपणा.

कधी कधी दोष काचेचा नसतोच. खंडाळ्यात ढग खाली उतरले की काच कितीही पुसली तरी पुढचे दिसत नाही. काच बोटभर उघडून पाहावी. तरीही पांढरेच दिसत असेल तर ते धुके आहे. इंडिकेटर देऊन सुरक्षित जागी थांबणे एवढेच तेव्हा करता येते.

विनाहेल्मेट पकडले गेल्यास मोटार वाहन कायद्यानुसार १ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. पावसासाठी त्यात सूट नाही.

हेल्मेट रोज वाळवता का?

मावळात पावसाळ्यात दोरीवरचे कपडे आठवडाभर ओले राहतात, हेल्मेटचे अस्तरही तसेच. ओले अस्तर डोक्याच्या उबेने बाष्प सोडत राहते आणि सकाळी निघाल्या निघाल्या काच धुरकटते, श्वासाचा दोष नसतानाही. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने बदलावेत आणि हेल्मेट पंख्याखाली उलटे ठेवावे. चूल, शेगडी किंवा हीटरजवळ ठेवू नये. आत थर्माकोलसारखे जे कवच असते, ते उष्णतेने आक्रसते आणि बाहेरून काहीच कळत नाही.