जुनी एसयूव्ही घेताय? बयाणा देण्याआधी चेसिस नंबर घ्या आणि रिकॉल बाकी आहे का ते बघा

देवपूर (धुळे) : कापसाचे, केळीचे पैसे हातात आले आणि पुढे लगीनसराई दिसायला लागली की घरात एकच विषय निघतो, सात सीटर गाडी घ्यायची. नवीन गाडी परवडत नाही, म्हणून जुनी बघितली जाते. स्कॉर्पिओ, इनोव्हा, एर्टिगा, ब्रेझा, एक्सयूव्ही. मग सोबत एखादा ओळखीचा मेकॅनिक घेतला जातो. तो बॉनेट उघडतो, सायलेन्सरला हात लावून धूर बघतो, एक चक्कर मारतो आणि सांगतो, "इंजिन टकाटक आहे, घेऊन टाका."

इंजिन बघायलाच हवं. पण एक गोष्ट बॉनेट उघडून दिसत नाही. ती म्हणजे त्या गाडीचा कंपनीने काढलेला रिकॉल. काम फुकट असतं, बऱ्याचदा एका दिवसात होतं, पण माहीतच नसल्यामुळे राहून जातं. आणि राहिलेलं काम एअरबॅगचं किंवा स्टेअरिंगचं असेल तर घरच्यांच्या जिवाशी खेळ होतो.

रिकॉल म्हणजे नक्की काय?

गाडी विकल्यानंतर कंपनीच्या लक्षात येतं की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बनवलेल्या गाड्यांत एखादा पार्ट सदोष बसला आहे. मग कंपनी त्या तारखांमधल्या गाड्या सर्व्हिस सेंटरला परत बोलावते, तपासते आणि गरज असेल तर पार्ट मोफत बदलून देते. यालाच रिकॉल म्हणतात. रिकॉल निघाला म्हणजे गाडी भंगार झाली असं नाही. काम झालेलं असेल तर चिंता नाही. काम न झालेली गाडी फिरत राहणं, हा खरा धोका आहे.

भारतात वाहन कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे सियामने, २०१२ पासून स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत सुरू केली. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. त्यानुसार सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांबद्दल ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं. कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मग आपल्यापर्यंत निरोप का येत नाही?

कारण कंपनीकडे नंबर असतो पहिल्या मालकाचा. रिकॉल निघाला की फोन, मेसेज त्यालाच जातो. त्याने गाडी दोन वर्षांपूर्वीच एजंटला विकलेली असते. एजंटकडून ती पुण्याहून धुळ्याला आणि धुळ्याहून तुमच्या गावात येते. पहिला मालक मेसेज बघतो, "गाडी आपली राहिली नाही" म्हणतो आणि सोडून देतो. त्यात गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी बाहेरच्या गॅरेजला जात असेल, तर तिथे रिकॉलची यादी कोणी उघडत नाही. म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या हातातल्या गाडीचा रिकॉल राहून जाण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे दिसणाऱ्या गाड्या आणि त्यांचे काही मोठे रिकॉल

ही पूर्ण यादी नाही, पण बाजारात या गाड्या भरपूर दिसतात म्हणून लक्षात ठेवा.

- महिंद्रा एक्सयूव्ही७०० : पुण्याजवळच्या चाकण कारखान्यात बनणारी ही गाडी आता जुन्या बाजारात यायला लागली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने १,०८,३०६ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या या गाड्या होत्या. इंजिनच्या भागातली वायरिंग घासून कापली जाण्याचा धोका होता.
- एक्सयूव्ही७०० आणि स्कॉर्पिओ-एन : नोव्हेंबर २०२२ मध्ये १२,५६६ एक्सयूव्ही७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन बोलावल्या गेल्या. १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ मध्ये बनलेल्या मॅन्युअल गिअरच्या गाड्या. क्लचजवळच्या बेल हाउसिंगमधला रबरी भाग तपासायचा होता.
- टोयोटा इनोव्हा (जुनी) : एप्रिल २०१४ मध्ये ४४,९८९ गाड्या. फेब्रुवारी २००५ ते डिसेंबर २००८ मध्ये बनलेल्या. स्टेअरिंगच्या आत एक गोल गुंडाळलेली केबल असते, तिच्यातून ड्रायव्हरच्या एअरबॅगला करंट जातो. ती केबल खराब झाली तर अपघातात एअरबॅग उघडणारच नाही. या गाड्या अजून वऱ्हाड वाहताना दिसतात.
- मारुती एर्टिगा, ब्रेझा, एक्सएल६ (पेट्रोल) : सप्टेंबर २०२१ मध्ये सियाझ आणि एस-क्रॉस धरून १,८१,७५४ गाड्या. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या. मोटर जनरेटर युनिट तपासायचं होतं. काम होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका आणि इलेक्ट्रिकल भागावर थेट पाणी मारू नका, असं कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं.
- मारुती इको : एसयूव्ही नाही, पण गावागावात फॅमिली गाडी हीच आहे. जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो धरून ८७,५९९ गाड्या बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ मध्ये बनलेल्या. स्टेअरिंगचा टाय रॉड तुटण्याची शक्यता होती.
- फोर्ड इकोस्पोर्ट : २०१५ मध्ये १६,४४४ गाड्या मागच्या सस्पेन्शनच्या बोल्टसाठी. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवण्याची घोषणा केली. त्यामुळे ही गाडी स्वस्त मिळते, पण घेण्याआधी जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते विचारा.

चेक कसं करायचं? चार पायऱ्या

१) आरसी बुकवरून चेसिस नंबर घ्या. तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो. गाडीवर कोरलेला नंबरही बघा. दोन्ही जुळत नसतील किंवा कोरलेल्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा असतील तर तो व्यवहार सोडून द्या.

२) आरसीवर गाडी कधी बनली तो महिना आणि वर्ष असतं, ते बघा. पासिंगची तारीख वेगळी असते. डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या वर्षी मार्चमध्ये पासिंग झालेली असू शकते. रिकॉल पासिंगच्या तारखेवर नाही, बनल्याच्या तारखेवर ठरतो.

३) कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल किंवा ग्राहक सूचना असा भाग असतो. तिथे चेसिस नंबर टाकला की गाडी यादीत आहे का ते कळतं. मोबाइलवर जमत नसेल तर धुळे, जळगावच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून चेसिस नंबर सांगा. विचारायचं एवढंच : "या गाडीवर कोणता रिकॉल किंवा मोफत दुरुस्ती बाकी आहे का?"

४) विकणारा म्हणाला, "ते काम झालंय," तर जॉब कार्ड किंवा सर्व्हिस हिस्ट्री मागा. कागद नसेल तर काम झालं नाही असंच धरा.

रिकॉल बाकी निघाला म्हणून व्यवहार मोडायची गरज नाही. विकणाऱ्याला सांगा, आधी काम करून आण, मग पैसे. काम फुकट आहे, त्यामुळे त्यालाही नाही म्हणायला कारण नाही.

एअरबॅगचा लाल दिवा काय सांगतो?

चावी फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटूनच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. अजिबात पेटलाच नाही तर जास्त संशय घ्या. अपघातात उघडलेली एअरबॅग नवी न बसवता नुसतं कव्हर चिकटवतात आणि दिव्याची वायर काढून टाकतात, असे प्रकार जुन्या गाड्यांत होतात.

वर्षही बघा. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. बाजूच्या सीटची एअरबॅग आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना २०२१ च्या शेवटापासून. एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना. म्हणजे त्याआधीच्या खालच्या मॉडेलमध्ये एअरबॅग नसूही शकते. "टॉप मॉडेल आहे" या शब्दावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा.

आणि पुढचं लोखंडी गार्ड. गावाकडे रुबाब म्हणून बसवतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. धडकेचा मार गार्डमुळे वेगळ्या ठिकाणी जातो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो. गाडीला असेल तर काढून टाका.

रिकॉलमध्ये येत नाहीत, पण नेहमी निघतात असे बिघाड

- सस्पेन्शन : शिवाररस्ते आणि खड्डे यांचा पहिला मार लोअर आर्मच्या बुशला आणि बॉल जॉइंटला बसतो. खराब रस्त्यावर हळू चालवा, काच खाली करा आणि खटखट ऐका.
- क्लच : चढावर आरपीएम वाढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट संपली आहे.
- टर्बो आणि धूर : डिझेल गाडी जोरात रेस केल्यावर निळा धूर आला तर ऑइल जळतंय. काळा धूर सतत येत असेल तर इंजेक्टर तपासून घ्या.
- डीपीएफ : २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी पकडणारा फिल्टर असतो. गाव ते तालुका अशा छोट्या फेऱ्यांमध्ये तो तापत नाही आणि तुंबतो. अशी गाडी अधूनमधून हायवेवर एका वेगात चालवावी लागते. फिल्टर काढून टाकलेली गाडी घेऊ नका, ते बेकायदेशीर आहे.
- वायरिंग : गोठ्याजवळ, धान्याच्या खोलीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. बॉनेटखाली टेप गुंडाळलेले जोड दिसले तर इलेक्ट्रिशियनला दाखवा.
- ब्रेक : चाळीसगावचा कन्नड घाट किंवा लळिंगचा उतार भरलेल्या गाडीने उतरताना ब्रेक तापतात. ट्रायलला ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी असू शकते.
- एसी आणि कूलिंग : खान्देशातला मे महिना रेडिएटरची परीक्षा घेतो. एसी लावून अर्धा तास गाडी चालू ठेवा आणि टेंपरेचरचा काटा बघा.
- पुरातली गाडी : सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, स्टेपनीचा खड्डा बघा. वाळलेला गाळ किंवा सीटखाली गंज दिसला तर हात जोडा.

मीटर मागे फिरवलं आहे का, हे टायरवरून कळू शकतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मीटर ३० हजार किलोमीटर दाखवतं, पण चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे आहेत आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर समजून जा.

कागदपत्रांचं थोडक्यात

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज होतं तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५. गुजरात, मध्य प्रदेश किंवा दिल्लीची गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी आधी. एमपरिवहन ॲपवर बाकी ई-चलन आणि विमा बघा. विमा स्वतःच्या नावावर करायला १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवा, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.

नाव बदललं की आणखी एक काम लगेच करा. सर्व्हिस सेंटरला नवीन आरसी दाखवून तुमचं नाव आणि मोबाइल नंबर त्या चेसिस नंबरवर नोंदवून घ्या. पुढे कधी रिकॉल निघाला तर फोन तुम्हाला येईल, जुन्या मालकाला नाही.

सर्व्हिस सेंटर टाळत असेल तर?

रिकॉलचं काम गाडीला असतं, मालकाला नाही. दुसरे, तिसरे मालक असलात तरी मोफत मागा. "पार्ट आला नाही" असं सांगितलं तर तारीख लिहून घ्या आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला चेसिस नंबरसह लेखी तक्रार करा. तरीही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. गाडीतच दोष आहे आणि रिकॉल निघालेला नाही असं वाटत असेल, तर केंद्राच्या वाहन पोर्टलवर मालकाला तक्रार नोंदवता येते. त्या तक्रारींच्या संख्येवरच सक्तीचा रिकॉल ठरतो, म्हणून एकट्याने काय होणार असं म्हणू नका.

बयाणा देण्याआधी हे पाच विचारा

१) आरसीवरचा आणि गाडीवरचा चेसिस नंबर एकच आहे का?
२) गाडी कोणत्या महिन्यात बनली?
३) रिकॉल बाकी आहे का, आणि झाला असेल तर जॉब कार्ड कुठे आहे?
४) एअरबॅगचा दिवा पेटून विझतो का?
५) कर्ज, चलन, विमा साफ आहे का?

या पाचांपैकी एकाचंही उत्तर "नंतर बघू" असं आलं, तर पैसेही नंतरच द्या. घरात कोणी जुनी गाडी बघत असेल तर ही माहिती त्यांना पाठवा. आणि दारात आधीच गाडी उभी असेल, तर आरसी काढून आजच सर्व्हिस सेंटरला एक फोन करा.