सलामी मंचाकडे न बघणारा माणूस

आज बोलूया परेडच्या सलामी मंचाबद्दल.

मी रायपूरचा. आमचे बाबा पोलिसात होते. पोलीस परेड ग्राउंडवर संचलन असलं की आई मला घेऊन जायची. घरी आल्यावर मी विचारायचो, "बाबा, मंचावर कोण होतं?" ते हसून म्हणायचे, "मला कुठं दिसलं?"

मला वाटायचं, थट्टा करतायत. कारण खूप उशिरा कळलं.

मंच उंच असतो तो केवळ मानासाठी नव्हे. सलामी घेणारा शेवटच्या रांगेतल्या जवानालाही दिसला पाहिजे. तुकडी मंच उजव्या हाताला ठेवून चालते. ठरलेल्या खुणेपाशी 'दाहिने देख' असा हुकूम होतो आणि सगळ्यांच्या माना उजवीकडे वळतात. मंच ओलांडला की 'सामने देख'. पण उजव्या टोकाला एकामागे एक चालणारे जवान मान वळवत नाहीत. त्यांची नजर समोरच. त्यांच्या आधारानं बाकीच्यांची ओळ सरळ राहते. बाबा त्या टोकाला असायचे. मंचाच्या सगळ्यात जवळून जायचे, आणि तिकडे बघायचे नाहीत.

आता मंचावर कोण असतं? 26 जानेवारीला राज्यपाल, 15 ऑगस्टला मुख्यमंत्री. पूर्वी दोन्ही दिवशी राज्यांत राज्यपालच झेंडा फडकवत. तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी हा मुद्दा लावून धरला आणि 1974 पासून स्वातंत्र्यदिनाचा मान मुख्यमंत्र्यांना मिळाला. राष्ट्रगीतासह दिली जाणारी राष्ट्रीय सलामी मात्र राष्ट्रपतींना, आणि आपापल्या राज्यात राज्यपालांना असते.

1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड झालं. तोवर आमची राजधानी भोपाळ होती. 26 जानेवारी 2001 हा रायपूरचा राजधानी म्हणून पहिला प्रजासत्ताक दिन. त्या दिवसापासून या मैदानावरचा मंच राज्याचा मंच झाला.

पुढे सरकारं बदलली, मंचावरचे चेहरे बदलले. सलामीची पद्धत तीच राहिली, कारण ती माणसाला नसतेच, पदाला असते. मंचावरचा माणूसही तेवढा वेळ उभा राहून सलामी स्वीकारतो, ती त्या पदाच्या वतीनं.

निवृत्त झाल्यावर एकदा बाबांना प्रेक्षकांत नेऊन बसवलं. म्हटलं, आता तरी बघा मंचाकडे. ते तुकडीचं उजवं टोकच बघत होते. हळूच म्हणाले, "ओळ सरळ आहे."

पुढच्या वेळी परेड बघाल तेव्हा त्या न वळलेल्या माना जरूर शोधा. भेटूया पुढच्या भागात.